मातीची जागा आणि पार्वता साऊंड सर्व्हिस

जय सेवा.

मी बाबुलाल सुखराम उईके, वय वर्षे बाहत्तर, जात गोंड, धंदा शेती व लाऊडस्पीकर भाड्याने देणे, राहणार सालईटोला, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र माझ्या अंगणात बसून, दिवसाउजेडी, माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. उजव्या कानाने कमी ऐकू येते, पण तो भोंग्याजवळ आयुष्य काढल्याचा परिणाम आहे, त्याचा बुद्धीशी संबंध नाही, असे डॉक्टरांनी दाखल्यात लिहून दिले आहे. कोणी मला धमकावलेले नाही, काही पाजलेले नाही, की गोड बोलून भुलवलेले नाही. गोड बोलून भुलवणारी माणसे मी फार जवळून पाहिली आहेत. त्यांच्या तोंडापुढे माईक मीच लावून देत होतो.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले व हेच शेवटचे समजावे. तुमसरच्या वकील साहेबांनी मला नमुना दिला. त्यात "इतर मजकूर" म्हणून थोडी जागा सोडलेली होती. वकील साहेबांच्या मते तिथे दोन ओळी पुरतात. मला पुरल्या नाहीत.

कलम १ : हे मृत्युपत्र करण्याचे कारण

मला पत्नी सुंदरबाई, मुलगा चंद्रकुमार आणि मुलगी शुभांगी एवढेच वारस आहेत. चंद्रकुमार चिखल्याला खासगी ट्रान्सपोर्टच्या ट्रकवर ड्रायव्हर आहे व बायकोमुलांसह तिथेच राहतो. शुभांगी लाखांदूर तालुक्यात दिघोरीला दिलेली असून तिथे अंगणवाडी सेविका आहे. आमच्या समाजात जमिनीची वाटणी रिवाजाने होते आणि रिवाजाने जमीन मुलाकडे जाते, मुलीकडे जात नाही. हिंदू वारसा कायदा आम्हाला लागू नाही. सबब मी कागद न करता गेलो, तर शुभांगीच्या हाती काही येणार नाही. तसे होऊ नये म्हणून हा कागद.

खरे सांगायचे तर हे आपोआप माझ्या मनात आले असे नाही. मला भर सभेत विचारले गेले. आमच्या टोल्यात, म्हणजे वाडीत, दरवर्षी संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी "जबाब सभा" होते. तिची हकीकत पुढे येईल. निवडून आलेल्या माणसांना आम्ही तिथे बोलावतो आणि दिलेल्या शब्दाचे काय झाले ते विचारतो. यंदाच्या सभेत साहेब लोकांचे झाल्यावर शुभांगी उठली, माईक हातात घेतला आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "बाबा, माह्या लग्नात तुमी सगळ्यांसमोर बोलले होते, वरची धानाची बांधी पोरीची म्हून. लग्नाले बरेच साल झाले. कवा करता?"

सारा टोला हसला. मी म्हटले, "करतो न बाई."

सुंदरबाई मागून म्हणाली, "करतो असं तं सगळेच म्हनतात. कवा ते सांगा."

मी तिथेच सांगितले, पुढच्या धानाची कापणी झाली की. कापणी परवाच उरकली. धान घरात आले आहे. आज लिहितो आहे.

कलम २ : घर

सालईटोल्यातील माझे राहते घर, मागचा गोठा, अंगणातला मोह व विहीर हे सर्व माझे पश्चात सुंदरबाईकडे तिच्या हयातीपर्यंत राहील. ती हयात असेपर्यंत कोणीही घराची एक काडी विकू नये, आणि तिला कोणी चिखल्याला किंवा दिघोरीला "आमच्याकडे चल" म्हणून ओढू नये. तिची इच्छा असेल तर ती स्वतः बसमध्ये बसून जाईल. तिला रस्ता माहीत आहे. तिच्या पश्चात घर चंद्रकुमारचे. शुभांगी माहेरी येईल तेव्हा पूर्वेकडची खोली तिच्यासाठी रिकामी ठेवावी.

कलम ३ : शेती

तलावाच्या वरच्या अंगाची बांधी, तिच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, सागांसह, शुभांगीला देत आहे. खालच्या दोन बांध्या चंद्रकुमारला. शुभांगी दिघोरीहून येऊन रोवणी करू शकणार नाही, म्हणून चंद्रकुमारने तिचीही बांधी करावी आणि तिच्या वाट्याचे तांदूळ दरवर्षी तिच्या घरी पोहोचवावेत. जाड तांदूळ पाठवून बारीक आपल्याकडे ठेवू नये. हे मी चंद्रकुमारला वाचून दाखवले. तो म्हणाला, "बाबा, बहिणीले देऊन राहिले तं मनापासून द्या, असं तांदळावरून कायले बोलता?" त्याचे बरोबर आहे. तरी वाक्य राहू देतो.

ही आदिवासीची जमीन आहे. ती कोणत्याही सबबीने, कोणाच्याही आडून, बाहेरच्या माणसाकडे जाऊ नये. दोघांनी ध्यानात ठेवावे.

कलम ४ : ठेव

पोस्टात व बँकेत माझ्या नावे जे काही निघेल ते सुंदरबाईचे. ती त्याचे काय करते हे कोणी विचारू नये.

कलम ५ : पार्वता साऊंड सर्व्हिस

अॅम्प्लिफायर, दोन भोंगे, माईक स्टँडसह, बॅटरी, वायरचे गुंडाळे व बांबू, असा माझा लाऊडस्पीकरचा सेट आहे. "पार्वता साऊंड सर्व्हिस" या नावाने तो या भागात सर्वांना ठाऊक आहे. हा सेट मी मुलांना देत नाही. तो सालईटोल्याच्या समस्त लोकांना, टोल्याच्या महिलांच्या ताब्यात, देत आहे. असे का, हे समजण्यासाठी हकीकत लिहिणे भाग आहे.

तरुणपणी मी चिखल्याच्या खाणीवर ठेकेदाराकडे भराईचे काम करत होतो. जमिनीच्या आत मला करमत नसे. तुमसरला एका दुकानात रेडिओ दुरुस्ती शिकलो आणि माईकचा धंदा करायचे ठरवले. तेव्हा माझ्या आईने, पार्वताबाईने, हातातल्या चांदीच्या पाटल्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. ती म्हणाली, "आपल्या टोल्याचा आवाज कोनाले आयकू येत नाई. तू आयकव." म्हणून सेटला तिचे नाव दिले. आई गेली तेव्हा तिला टोल्याच्या पूर्वेला, तलावाच्या काठच्या उंचवट्यावर माती दिली. आम्ही गोंड लोक मेलेल्या माणसाला जाळत नाही, माती देतो. माझे आजे-पणजे सर्व तिथेच होते. प्रत्येकाच्या डोक्याशी एक दगड उभा होता.

आई गेल्यानंतर काही सालांनी तलावाची पाळ उंच करण्याचे ठरले. पाळ उंच झाली की खालच्या गावाच्या बांध्यांना उन्हाळी धानापर्यंत पाणी पुरणार होते. खालच्या गावात कुणबी, पोवार शेतकऱ्यांची मोठी वस्ती आहे. आमचा टोला म्हणजे मूठभर गोंडांची घरे. पाणी मागे पसरले की आमची मातीची जागा बुडणार, हे सर्वांना दिसत होते. पाळीच्या कामाचे भूमिपूजन झाले त्या दिवशी पंचायत समितीचे सभापती मधुकरराव चेटुले आले. तरणेबांड होते, बोलणे छान. ते माझ्या माईकवरून म्हणाले, "टेकडीखालची दोन एकर जागा मी आदिवासी बांधवांच्या मातीसाठी देतो. तिथपर्यंत रस्ता करून देतो. हा मधुकररावाचा शब्द आहे." आम्ही टाळ्या वाजवल्या. माझ्याही दोन टाळ्या त्यात होत्या.

पाळ झाली. पाणी आले. आईचा दगड पाण्याखाली गेला. जागा मात्र आली नाही. मधुकरराव पुढे जिल्हा परिषदेत गेले, मग आमदार झाले. प्रत्येक निवडणुकीत टोल्यात येत, आणि प्रत्येक वेळी तीच टेकडीखालची जागा नव्याने देत. माणसे मरायची थांबत नव्हती. कोणाला धुऱ्यावर माती दिली, कोणाला रस्त्याच्या कडेला. गोदावरीबाई मरसकोल्हेच्या सासूला माती देताना जंगल खात्याच्या माणसाने येऊन काम थांबवले. म्हातारी तशीच बाजेवर ठेवून आम्ही हातापाया पडलो.

दोन हजार चौदा साली श्रावणात माझे सासरे वारले. रस्त्याच्या कडेला खड्डा खणला, तसा तो पाण्याने भरे. बादल्यांनी पाणी उपसत राहिलो. एकीकडे उपसायचे आणि दुसरीकडून पाणी यायचे. शेवटी चिखलातच त्यांना ठेवले. सुंदरबाई रडली नाही. तिने एकदा त्या खड्ड्याकडे पाहिले आणि घरी निघून गेली.

त्याच साली आश्विनात निवडणुकीची सभा लागली. सेट माझाच होता. सुंदरबाईचा धाकटा भाऊ टेकचंद हा मधुकररावांच्या पक्षाचा टोल्यातला कार्यकर्ता. सतरंज्या, खुर्च्या, हार, सगळे त्याच्याकडे. दिवस मावळायला आला होता. मधुकररावांनी भाषण सुरू केले, टोल्याशी आपले जुने नाते सांगितले, आणि टेकडीखालची दोन एकर जागा पुन्हा दिली.

सुंदरबाई बायकांतून उठली. सरळ पुढे आली. माईक स्टँडवरून काढून घेतला. माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही.

"भाऊ," ती म्हणाली, "माह्या बापाले श्रावनात माती देल्ली. गड्ड्यात पानी भरे. बालटीनं पानी उपसलं अन् मंग बापाले ठेवलं. तुमी जागा देतो म्हनता. हे जागा तुमी मागच्या वेळीबी देल्ली होती. त्याच्या आंधीबी देल्ली होती. आज आमाले ते दाखवा. अजून उजेड आहे. चाला, आमी सगळे तुमच्यासंग येतो."

मधुकरराव हसले. "बाई, ही सभा आहे. आपण नंतर बसून बोलू."

"नंतर म्हनजे कवा? माह्या बापाची तं पाळी होऊन गेली. आता कोनाची पाहून राहिले?"

टेकचंद माझ्या कानाशी आला. "भाऊजी, माईक बंद करा न! साहेब नाराज होऊन राहिले."

मी बंद केला नाही. मला तेव्हा काही मोठा विचार सुचला होता असे नाही. बायको बोलत होती आणि ती खरे बोलत होती, एवढेच डोक्यात होते. तेव्हा टेकचंदने माझ्या पेटीतली पक्कड उचलली आणि वायर कापून टाकली.

भोंगे गप्प झाले. मी खाली बसलो, वायरचे टोक दातांनी सोलले, पीळ दिला. भोंगा कुरकुरला आणि सुंदरबाईचा श्वास सगळ्यांना ऐकू आला. ती टेकचंदकडे बघत होती. ओरडली नाही. माईकमध्येच म्हणाली, "टेकू, तोबी तुहाच बाप होता."

टेकचंदच्या हातातून पक्कड पडली. तो तिथून निघून गेला. मधुकररावही गाडीत बसले. त्यांच्यामागे गाड्या गेल्या, झेंडे गेले, आणि टोल्यात आमचे आम्ही राहिलो. दुसरा भोंगा झाडावर खालच्या गावाच्या दिशेने बांधलेला होता. तिथल्या घराघरात हे सारे ऐकू गेले होते.

मधुकरराव निवडून आले. आमच्या मतांवाचून त्यांचे काही अडत नव्हते. तेव्हा सुंदरबाई आणि गोदावरीबाईने जबाब सभेची गोष्ट काढली. सरळ गोष्ट होती. ज्याने शब्द दिला त्याला वर्षातून एकदा बोलवायचे. शिवी द्यायची नाही, दगड मारायचा नाही, हारही घालायचा नाही. खुर्ची द्यायची, पाणी द्यायचे, आणि विचारायचे. बायका तुमसरला जाऊन साहेबांना स्वतः निमंत्रण देऊन आल्या.

पहिल्या साली ते आले नाहीत. आम्ही खुर्ची ठेवली होती. सुंदरबाईने त्या खुर्चीकडे तोंड करून सगळे प्रश्न विचारले, आणि दर प्रश्नानंतर उत्तरासाठी थांबली. पोरांना हसू येई, म्हातारी माणसे मात्र गंभीरपणे खुर्चीकडे बघत बसत. त्याच सभेला विरोधी पक्षाचे लोक आयते मैदान मिळाले म्हणून धावत आले. गोदावरीबाई त्यांना म्हणाली, "तुमचेबी सभापती होऊन गेले. तुमी काय केलं ते आंधी सांगा." तेही पाणी पिऊन गेले.

दुसऱ्या साली मधुकरराव आले. सोबत फक्त ड्रायव्हर. खुर्चीत बसले, बराच वेळ हातातला रुमाल घडी करत राहिले. मग त्यांनी माईक मागून घेतला आणि जे बोलले ते आम्ही कोणत्याच पुढाऱ्याच्या तोंडून ऐकले नव्हते. ते म्हणाले, "खरं सांगतो. टेकडीखालची जागा खालच्या गावाचं गायरान आहे. तिथं त्यांची गुरं चरतात. ती तुम्हाला दिली तर त्या गावची मतं जातील, ही मला भीती होती. तुमची घरं थोडी. म्हणून देतो म्हणत राहिलो आणि दिली नाही."

मला वाटले आता माणसे उठतील. सुंदरबाई म्हणाली, "भाऊ, हे पयलेच सांगतलं असतं तं आमीच खालच्या गावाले इचारलं असतं. ते का आमचे दुश्मन आहेत?"

खालच्या गावातून त्या दिवशी एकच माणूस आला होता. जागेश्वर भेंडारकर, धानाचा शेतकरी, माझ्याच वयाचा. वायर कापली त्या सभेच्या दुसऱ्या दिवशीही तो सायकल घेऊन माझ्या अंगणात आला होता, पण तेव्हा चहा पिऊन, इकडचे तिकडचे बोलून परत गेला. त्या दिवशी मात्र तो उभा राहिला. "पानी आमच्या बांधीत आलं," तो म्हणाला. "ते कोनाच्या माथ्यावरून आलं ते आमाले मालूम होतं. आमी बोललो नाई. आता ग्रामसभेत मी बोलतो. साहेब, तुमी फक्त तेथी येऊन बसा."

ग्रामसभा सोपी गेली नाही. गायरानाचा तुकडा सोडायला कोण तयार होतो? काही लोक जागेश्वरवर चिडले, "तू गोंडाचा वकील काहून झाला?" असे त्याला तोंडावर विचारले. त्याने उलट विचारले, "यंदा उन्हाळी धान कोनाकोनाच्या घरी झालं, हात वर करा." बहुतेक सर्वांचे हात वर झाले. तो म्हणाला, "मंग हात वरच राहू द्या." ठराव झाला. मधुकरराव बाजूला बसून होते. त्यांचा चेहरा मी पाहिला. एवढे सोपे होते आणि आपण इतकी वर्षे भ्यालो, असे काहीसे त्यांच्या तोंडावर होते.

त्यानंतर तहसील, भूमापन, जिल्हाधिकारी कार्यालय असे फिरणे झाले. जागा दोन एकरांपेक्षा कमी निघाली आणि खडकाळ निघाली, पण कागदावर "गोंड समाजाची दफनभूमी, सालईटोला" असे छापून आले. पहिली माती गोदावरीबाईच्या नवऱ्याला दिली. कोरड्या खड्ड्यात, कोणाच्या पाया न पडता. तिने त्या दिवशी डोळे पुसत सर्वांना सांगितले, "नीट झालं. सगळं नीट झालं."

पुढच्या निवडणुकीत मधुकरराव पडले. सभेच्या दिवशी आम्ही सवयीने त्यांचीही खुर्ची ठेवली. वाटले, आता कशाला येतात. ते आले. म्हणाले, "आमदारकी गेली, शब्द राहिलाच आहे ना? रस्ता व्हायचा आहे." तेव्हापासून दर साली येतात, आणि नव्या आमदारांच्या शेजारी बसून त्यांना आमच्याबरोबर प्रश्न विचारतात. रस्ता अजून अर्धाच झालेला आहे. खडी पडली आहे, डांबर यायचे आहे. नव्या साहेबांनी येत्या उन्हाळ्याचा शब्द दिला आहे.

सबब सेट टोल्याला देताना अटी अशा : लग्नाला, बारशाला, नाटकाला तो पूर्वीप्रमाणे भाड्याने द्यावा. कोणत्याही पक्षाच्या सभेला द्यावा, कोणाला नाही म्हणू नये. फक्त आधी मागच्या शब्दाचे बोलायचे, मग पुढचे. आणि कोणी बाई बोलत असेल तोवर माईक बंद करायचा नाही, मग समोर कोणीही बसलेला असो.

कलम ६ : टेकचंद

माझा साळा टेकचंद याच्याशी वायर कापल्यानंतर मी दोन वर्षे बोललो नाही. सुंदरबाई बोलत होती, भाजीही पाठवत होती, मी नाही. जागेच्या कामात तहसीलच्या खेपा त्यानेच घातल्या. कोणत्या टेबलावर कोण बसतो ते त्याला पक्षामुळे ठाऊक होते आणि ते सगळे त्याने टोल्यासाठी वापरले. आदेश हातात आला त्या दिवशी तो कागद घेऊन आधी बापाला जिथे चिखलात ठेवले होते तिथे गेला, मग माझ्या घरी आला. मी म्हटले, "जेवतो का?" तो म्हणाला, "जेवतो जी भाऊजी." तेव्हापासून आमचे नीट आहे.

माझ्या पेटीतली पक्कड मी टेकचंदला देत आहे. तीच पक्कड. तिची धार अजून चांगली आहे. टोल्यात कोणाची वायर तुटली तर जोडायला त्याने जावे. रुसू नये, मी हसत लिहीत आहे.

कलम ७ : मधुकरराव चेटुले

यांच्याविरुद्ध माझ्या मनात आता काही नाही. पूर्वी होते, ते सभेत बोलून संपले. माझ्या तेरवीला त्यांना बोलवावे, पुढच्या रांगेत बसवावे, पोटभर जेवू घालावे. जेवणाआधी रस्त्याचे काय झाले ते विचारावे. नव्या आमदारांनाही बोलवावे व त्यांना जेवणाआधी आणि जेवणानंतर, दोन्ही वेळा विचारावे.

कलम ८ : माझी माती

मला टेकडीखाली, आमच्या जागेत माती द्यावी. एका साली उन्हाळ्यात तलाव पार आटला होता. तेव्हा आम्ही टोल्यातली माणसे सुकलेल्या गाळात उतरून आपापल्या माणसांचे दगड शोधत होतो. चंद्रकुमारला त्याच्या आजीचा दगड सापडला. ट्रॅक्टरवर घालून आम्ही तो नव्या जागेत आणून उभा केला. इतरांनीही आणले. ज्यांचे सापडले नाहीत त्यांनी तलावातली ओंजळभर माती आणली. सुंदरबाईने तिच्या बापासाठी रस्त्याच्या कडेची माती आणली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोणी घरी गेले नाही. बायका गाणी म्हणत होत्या, पोरे दगडांमधून पळत होती.

आईच्या डाव्या हाताला माझी जागा मी पाहून ठेवली आहे. तिथून खालच्या गावाच्या बांध्या दिसतात. हिरव्या धानाचे दिवस असले तर बरे दिसेल, पण त्यासाठी मुद्दाम थांबण्याची गरज नाही. मला रडत नेले तरी चालेल, पण घाईने नेऊ नये. आता घाई करण्याचे कारण राहिलेले नाही.

कलम ९ : अंमलबजावणी

या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मी जागेश्वर भेंडारकर यांना नेमत आहे. तो माझ्या जातीचा नाही, नात्याचा नाही. त्याला यातून काहीही मिळणार नाही, आणि त्याने काही मागितलेलेही नाही. मुलांनी त्याचे ऐकावे. तो हळू बोलतो, म्हणून मध्येच तोडू नये.

कलम १० : सुंदरबाई माझ्या आधी गेल्यास

हे कलम नमुन्यात होते. मी ते सोडून पुढे जात होतो. सर्व लिहून झाल्यावर साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा जागेश्वर म्हणाला, "बाबुलालभाऊ, हे कलम राहिलं. कायद्याले लागते." मी म्हटले, मला ते लिहवत नाही. सुंदरबाई सुपात तांदूळ पाखडत होती. तिने मान वर केली.

"लिवा," ती म्हणाली. "सुंदरबाई आधी जात नाई, असं लिवा."

मी म्हटले, "असं लिहिता येत नाही."

"काहून येत नाई? मी सांगून राहिली न. तुमी एकटे रस्त्याचं इचारान का साहेबाले? तुमाले तं बोलताबी येत नाई धड. मी आधी जात नाई. लिवा."

तिच्या सांगण्यावरून लिहिले : सुंदरबाई माझ्या आधी जाणार नाही. कायद्यासाठी हेही लिहितो की तसे झालेच, तर तिच्या वाट्याचे सर्व दोन्ही मुलांना सारखे जावे. पण तिने हा शब्द दोन साक्षीदारांसमोर दिलेला आहे, आणि येत्या संक्रांतीनंतरच्या रविवारपासून मी तिला दरवर्षी त्याबद्दल विचारणार आहे.

येथवर जे लिहिले ते मी वाचले, वाचून ऐकवले, ते माझ्या मनाप्रमाणे आहे. म्हणून खाली सही केली.

सही : बाबुलाल सुखराम उईके

आमच्यासमक्ष बाबुलालजींनी आपल्या हाताने सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही केली :

साक्षीदार पहिले : जागेश्वर तुकाराम भेंडारकर, शेतकरी, खालचे गाव (सही)

साक्षीदार दुसऱ्या : गोदावरीबाई मरसकोल्हे, सालईटोला (सही. अंगठा नाही, सहीच)

ठिकाण : सालईटोला, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा

दिनांक : १६ नोव्हेंबर २०२५, रविवार